पडद्याआडच्या कोपऱ्याची तपासणी

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ज्यानं ही म्हण काढली त्यानं परक्या देशात जाऊन भाड्याचं घर मागितलेलं नव्हतं, नाहीतर म्हणीला तिसरं शेपूट नक्की जोडलं असतं.

ही गोष्ट ज्या बाईंची, त्यांना सगळे ताई म्हणत. आपणही ताईच म्हणू. वय सेहेचाळीस, अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. नवरा गेल्यावर सहा वर्षांची लेक आई आणि भावाच्या हवाली करून त्या इकडे आल्या, त्याला अकरा वर्षं होऊन गेली होती. धंदा म्हणाल तर डाग पुसणं. भाडेकरू घर सोडून गेला की ताईंनी त्या घरात शिरायचं आणि तो तिथे राहत होता याचा मागमूस ठेवायचा नाही. शेगडीमागची चिकट वाफ, नळाभोवतीचा पांढरा क्षार, भिंतीवर पोरांनी काढलेले हत्ती, खिळ्यांची भोकं, सगळं त्यांच्या हातून गेलं की घर असं दिसायचं की जणू आत्ताच गवंडी खाली उतरलाय.

सगळ्यात चिवट डाग कुठला, असं त्यांना विचारलं तर त्या क्षणाचाही विचार न करता सांगत, "डोक्याच्या तेलाचा." उशाशी, भिंतीवर, माणूस टेकून बसतं तिथे तो पडतो. वरून रंग मारा, आठवड्यानं तो रंगातून पुन्हा डोकावतो. त्यावर आधी पावडर चोपडायची, वर टीपकागद धरायचा आणि कोमट इस्त्री फिरवायची. या डागाचा ताईंनी इतका धसका घेतला होता की इकडे आल्यावर त्यांनी स्वतः केसांना तेल लावणंच सोडून दिलं.

ताईंनी पुसलेलं घर तपासायला जे गृहस्थ यायचे त्यांना ताईंनी मनातल्या मनात भिंगवाले असं नाव दिलं होतं. त्या शहरात पद्धतच होती: भाडेकरू घरात येताना एकदा आणि सोडताना एकदा तपासनीस येणार आणि अहवाल लिहिणार. तो ना मालकाचा, ना भाडेकरूचा. त्यानं लिहिलं की ब्रह्मदेवानं लिहिलं. भिंगवाले साठीला टेकलेले, उंच, मानेत जरा वाकलेले. अंगात करडा कोट, एका खिशात भिंग, दुसऱ्यात काडीला लावलेला छोटा आरसा, हातात टॉर्च, आणि बुटांवर चढवायच्या कापडी पिशव्या. बोलणं मोजून मापून, बोलण्यावर कर असल्यासारखं.

पहिल्याच वर्षी ताईंनी एक घर दोन दिवस घासून काढलं होतं. त्यांच्या मते त्यात माशीच्या पायाचाही ठसा राहिलेला नव्हता. भिंगवाले आले, खिडकीचे पडदे ओढले, गुडघे मोडून बसले आणि टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून दिला. उजेड जमिनीवरून सपाट पसरत गेला. ते वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "इथे पाळणा होता. खिडकीपाशी. नंतर आत भिंतीकडे नेला, वारा लागत असणार."

त्या घरात तान्हं बाळ होतं हे ताईंना शेजारणीनं सांगितलं होतं. या माणसाला कुणी सांगितलं? त्यांनीही वाकून पाहिलं. जमिनीवर चार बारीक खळगे, त्यांच्यापुढे एक अगदी पुसट वाट, आणि पुढे पुन्हा चार खळगे. दोन दिवस त्यावरूनच त्यांचं फडकं फिरलं होतं.

तेव्हापासून दोघांचा एक मुका खेळ सुरू झाला. ताई पुसायच्या, भिंगवाले शोधायचे. एका घरात ते म्हणाले, राहणारी बाई डावखुरी होती. कपाटांच्या मुठी उलट्या बाजूनं झिजल्या होत्या. दुसऱ्या घरात खिडकीच्या लाकडावर कोपराएवढी दोन ठिकाणं दाखवली. "इथे कुणीतरी पुष्कळ वाट पाहिलेली आहे," एवढं बोलून पुढच्या खोलीत गेले. अकरा वर्षांत फक्त तीन घरं अशी निघाली, जिथे त्यांना काही सापडलं नाही. त्या तिन्ही दिवशी ताई घरी जाताना गाणं गुणगुणत गेल्या.

त्यांच्या अहवालात दोन रकाने असायचे. एकाचं नाव 'राहणं' आणि दुसऱ्याचं 'नुकसान'. दाराची मूठ हात लागून लागून गुळगुळीत झाली, तर ते राहणं. कुणी रागानं दार आपटून चौकट फोडली, तर ते नुकसान. भाडेकरूचा जीव टांगणीला लागायचा तो दुसऱ्या रकान्यापायी. एकदा एका घरमालकानं कोपरांच्या त्या खुणा नुकसानात घालायला सांगितल्या, तर भिंगवाले म्हणाले, "खिडकी बाहेर बघायलाच असते." आणि पहिल्याच रकान्यात लिहून मोकळे झाले. ताई तेव्हा जिन्यात बादली घेऊन उभ्या होत्या. आपण ज्याला घाण म्हणून पुसतो त्याला हा माणूस राहणं म्हणतो, हे त्यांना फार मोठं वाटलं. घरी येऊन त्यांनी शिवणवालीला सांगितलं. ती म्हणाली, "मोठं बिठं काही नाही, बायको नसेल घरात पुसून घ्यायला."

शिवणवाली म्हणजे आपल्याच भाषेतली बाई, कपडे उसवून नव्यानं बेतून देणारी. दोन खोल्यांचं घर तिच्या नावावर होतं. त्यात आतल्या खोलीत ती, बाहेरच्या खोलीत बेकरीत काम करणाऱ्या दोघी बहिणी, आणि त्याच खोलीच्या खिडकीकडच्या बाजूला पडदा लावून ताई. सात फूट बाय नऊ फूट. एक लोखंडी पलंग, एक फळी, भिंतीत एक खिळा. सकाळी साडेपाचला डोळे उघडले की हात जमिनीला, पाय जमिनीवर, आणि दहा मिनिटांत ताई बाहेर. अकरा वर्षं त्या तिथे राहिल्या, पण घराच्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव नव्हतं. आपल्या पाठीचा डाग पडू नये म्हणून भिंतीला टेकतानाही मागे टॉवेल घेत.

त्या वर्षी ताईंना त्या देशात कायम राहण्याचा परवाना मिळाला. म्हणजे आता लेकीला आणता येणार होतं. पण तिथला नियम असा की मूल अठराचं होण्याआधी अर्ज पडला पाहिजे, आणि अर्जासोबत आईच्या स्वतःच्या नावाचा भाडेकरार पाहिजे, त्यात मुलाला वेगळी खोली पाहिजे. लेकीला अठरा पूर्ण व्हायला सात आठवडे उरले होते. सात आठवडे गेले की ती कायद्यानं मोठी बाई, मग तिनं पाहुणी म्हणून यावं आणि पाहुणी म्हणून परत जावं. सहा वर्षांची सोडून आलेली पोर आता कधीच आपल्या घरात राहायची नाही, या विचारानं ताई रोज रात्री उरलेले दिवस मोजू लागल्या.

घरं शोधणं सुरू झालं. फोनवर घर रिकामं असायचं आणि ताई दारात उभ्या राहिल्या की ते भरायचं. काहीजण नम्रपणे नाही म्हणायचे, इतके नम्रपणे की बाहेर पडेपर्यंत होच म्हणाले असं वाटायचं. आणि जिथे गोष्ट पुढे सरकायची तिथे एकच मागणी आडवी यायची: आधीच्या घराचा तपासणी-अहवाल जोडा. घर सांभाळता येतं याचा पुरावा. आता ताईंनी दोन हजार घरं सांभाळून नवी केली होती, पण ती दुसऱ्यांची. स्वतःचं आधीचं घर विचाराल तर एक पडदा. एका एजंटानं तर विचारलं, "मग अकरा वर्षं तुम्ही राहत कुठे होता?" ताई काहीतरी बोलल्या, पण त्यांनाच ते पटलं नाही.

अशात त्यांनी एक घर पुसलं. तिसरा मजला, दोन खोल्या, एवढंसं स्वयंपाकघर. धाकटी खोली शाळेच्या मैदानाकडे उघडत होती. ताई पुसता पुसता थांबल्या आणि त्यांनी हात पसरून भिंत मोजली. इथे टेबल बसेल. इथे पलंग. पुसून झाल्यावरही त्या त्या खोलीत उगाच दोनदा जाऊन आल्या.

घराच्या मालकीणबाई दातांच्या निवृत्त डॉक्टर. त्यांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही कुठून आलात याच्याशी मला काही करायचं नाही. तुम्ही उत्तम पुसता हे मला दिसतंय. पण पुसणं वेगळं आणि राहणं वेगळं. तुम्ही कुठेही नीट राहिलात असा तपासनिसाचा कागद आणा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी थांबते. नंतर एक जोडपं वाट बघतंय, त्यांना देईन."

तो दिवस सोमवार. मंगळवारी दुसऱ्या एका घराच्या जिन्यात ताईंनी भिंगवाल्यांना गाठलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या त्यांच्याशी कामाबाहेरचं बोलत होत्या.

"साहेब, एक कागद पाहिजे होता. मी घर नीट ठेवते, एवढंच लिहून द्या. तुम्ही मला इतकी वर्षं बघताय."

"तुमचं काम बघतोय. तुमचं घर मी पाहिलेलं नाही," भिंगवाले म्हणाले. "न पाहिलेलं मी लिहीत नाही."

"घर कुठलं साहेब, पडदा लावलेला एक कोपरा आहे."

ते बुटांवरच्या पिशव्या काढत होते. काढून, घडी करून खिशात ठेवून झाल्यावर म्हणाले, "गुरुवारी, तीन वाजता. पत्ता लिहून द्या."

ताईंना आनंद झाला आणि त्याच क्षणी धडकीही भरली. ज्या माणसाला कपाटाच्या मुठीवरून बाई डावखुरी होती हे कळतं, तो आपला कोपरा तपासायला येणार. मग त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. दोन दिवस रजा टाकली आणि डोळ्यात तेल घालून कोपरा पुसायला घेतला. पडदा धुऊन त्याला इस्त्री केली. खिळा उपटून भोक पुट्टीनं भरलं, वर रंगाचं बोट फिरवलं. पलंगाचे पाय घासले. फळीचे कप्पे, खिडकीच्या फटी, भिंतीचा तळ, काही सोडलं नाही. आपले कपडे, चादर, कप, लेकीचे फोटो सगळं बॅगेत भरलं आणि बॅग शिवणवालीच्या पलंगाखाली ढकलली. शेवटी लाकडी जमिनीला पॉलिशचे दोन हात दिले. बेकरीवाल्या बहिणी दारातून बघून म्हणाल्या, "ताई, आत यायला तिकीट आहे का?"

"तीन वेळा हरवलंय मी त्यांना," ताई म्हणाल्या. "ही चौथी."

गुरुवारी तीनच्या ठोक्याला भिंगवाले आले. पिशव्या चढवून पडद्याच्या आत गेले. सात फूट बाय नऊ फूट जागा, पण त्यांनी वही उघडली ती एखादा बंगला तपासायला आल्यासारखी. भिंती, खिडकी, फळी. आरसा पलंगाखाली घालून पाहिला. भिंग घेऊन दरवाजा असावा तसा पडदा तपासला. वीस मिनिटं गेली. ताई, शिवणवाली आणि दोघी बहिणी बाहेरच्या बाजूला निकालाची वाट बघणाऱ्या मुलींसारख्या उभ्या होत्या.

भिंगवाले बाहेर आले. वहीत काहीच लिहिलेलं नव्हतं.

"बाई, इथे कोणी राहत नाही," ते म्हणाले.

ताईंना आधी वाटलं, शाबासकीच दिली. मग भिंगवाल्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं, ही शाबासकी नव्हे.

"मला लिहायचंय ते माणूस कसं राहिलं ते," भिंगवाले म्हणाले. ते रागावलेले नव्हते, उलट कसंनुसं झाल्यासारखे बोलत होते. "इथे माणूसच नाही. जागा स्वच्छ आहे असं लिहिता येईल. पण इथे तुम्ही राहता असं मी लिहू शकत नाही. कुणीही राहत असल्याची एकही खूण नाही."

शिवणवाली पुढे झाली. "अहो, मी सांगते ना. अकरा वर्षं राहतायत. या दोघी पण सांगतील."

"ऐकलेलं मी लिहीत नाही."

ताई धावत शिवणवालीच्या खोलीत गेल्या आणि बॅग ओढून आणली. चादर काढली, कप काढला, कंगवा काढला, फोटो काढले, आणि सगळं भराभर पलंगावर मांडू लागल्या. "ही माझी चादर. हा कप. ही बघा माझी लेक."

भिंगवाल्यांनी फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि परत दिला. "वस्तू बॅगेतून येतात, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या आजही येऊ शकतात."

ताई पलंगाच्या कडेवर बसल्या. आपल्या पायावर धोंडा मारून घेतलेली माणसं त्यांनी पाहिली होती, पण इतक्या नेटानं, दोन दिवस रजा काढून, पॉलिश विकत आणून मारून घेणाऱ्या त्या एकट्याच असाव्यात. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या खुणा पुसून हाताला अशी सवय लागली होती की त्याच हातांनी त्यांनी स्वतःलाच पुसून टाकलं होतं. आणि खरं सांगायचं तर दोन दिवसांतच नव्हे. ते तेल सोडणं, तो पाठीमागचा टॉवेल, सगळं त्याच कामातलं होतं. शुक्रवार उद्यावर आला होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तेही जमिनीवर पडू नये म्हणून त्यांनी पदर पुढे धरला.

भिंगवाले जायला निघाले होते. त्यांनी तो पदर पुढे धरलेला पाहिला आणि ते थांबले.

"खिडकीचा पडदा ओढा," ते म्हणाले. "आणि हाही लावून घ्या. तुम्ही बाहेर थांबा."

ताई बाहेर आल्या. आत अंधार झाला. पडद्याच्या खालच्या फटीतून टॉर्चचा उजेड जमिनीवरून सपाट सरकताना दिसू लागला. आधी भिंतीच्या कडेनं, मग खिडकीखाली, मग पलंगाच्या पायांपाशी. मध्येच गुडघ्यांचा कट्ट आवाज यायचा. पाऊण तास झाला. त्या माणसाला याचे पैसे मिळणार नव्हते, त्याचं पुढचं घर खोळंबलं होतं, आणि तरी तो साठीचा गृहस्थ हाताच्या तळव्यांवर आणि गुडघ्यांवर रांगत एका परक्या बाईला शोधत होता. शिवणवालीला एरवी प्रत्येक गोष्टीवर टोमणा सुचायचा. ती आज पडद्याच्या फटीशी वाकून उजेडामागे नजर फिरवत होती.

उजेड एका जागी थांबला. पुढे सरकेना.

"बाई," आतून आवाज आला. "इकडे या. पाय जपून टाका."

ताई आत गेल्या. भिंगवाले पलंगाच्या कडेला जमिनीवर पालथे होते, गाल जवळजवळ लाकडाला टेकलेला. "खाली वाका. उजेडाच्या रेषेत बघा."

ताई वाकल्या. सगळी जमीन त्यांच्याच पॉलिशनं तळ्यासारखी चमकत होती. आणि पलंगाच्या कडेपासून वीतभर अंतरावर एवढासा एक तुकडा होता, जिथे पॉलिश धरलंच नव्हतं. निस्तेज, किंचित खोल, तळहाताएवढा. त्याच्या एका कडेला चार बारीक टोकं.

"हे पाय नाहीत," भिंगवाले सांगू लागले. त्यांचा आवाज नेहमीचा राहिला नव्हता. "पाय पडतात ते पलीकडे, तिथे झीज लांबट आहे. पलंगाचा पायही नाही. बादली नाही. हे फार हलकं काहीतरी आहे, पण रोजचं आहे, वर्षानुवर्षांचं. मी तीस वर्षं जमिनी बघतोय. असं कधी पाहिलं नाही. इथे काय ठेवता तुम्ही?"

ताई त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. रोज त्यावरून फडकं फिरवलं होतं आणि कधी दिसला नव्हता.

"हात," त्या म्हणाल्या.

"हात?"

"सकाळी उठल्यावर. पाय टेकवायच्या आधी जमिनीला हात लावते. आईनं लावलेली सवय आहे. आपण दिवसभर तिच्यावर पाय देणार, म्हणून आधी माफी मागायची."

"कुणाची?"

"जमिनीची."

भिंगवाले उठून बसले. "ही जमीन तुमची नाही," ते म्हणाले. त्यात हेटाळणी नव्हती, ते खरंच विचारात पडले होते. "हे घरही तुमचं नाही. या देशाचीसुद्धा तुमच्याशी ओळख नव्हती."

"जी असेल ती, साहेब," ताई म्हणाल्या. "पाय तर माझेच असतात ना."

भिंगवाल्यांनी टॉर्च पुन्हा उचलला. मग भिंगवाले म्हणाले, "दाखवा. रोज करता तसं. बघू नका खाली."

ताई संकोचल्या, पण पलंगावर आडव्या झाल्या, डोळे मिटले, कुशीवर वळल्या आणि झोपेतून उठल्यासारखा हात खाली सोडला. भिंगवाल्यांनी टॉर्च धरला होता. हात त्या तुकड्यावर बरोबर बसला. बोटं त्या चार टोकांवर, तळवा खळग्यात. कुलपात किल्ली बसावी तसा. ताईंनी डोळे उघडून पाहिलं आणि त्यांना स्वतःच्याच हाताचं भय वाटलं, इतका तो त्या जागेचा झालेला होता. भिंगवाल्यांनी टॉर्च विझवला. अंधारात त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला. धुळीनं असेल म्हणावं, तर धूळ ताईंनी शिल्लक ठेवलेली नव्हती.

मग त्यांनी वही उघडली आणि दोन तास लिहीत बसले. सात फूट बाय नऊ फुटांच्या जागेचा अहवाल अकरा पानांचा झाला. शिवणवालीनं चहा ठेवला, तो निवून गेला.

शुक्रवारी दुपारी डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून तो वाचायला घेतला. एक एक पान, रुग्णाचा एक एक दात तपासावा तसं. सातव्या पानावर त्या थांबल्या. तिथे 'राहणं' या रकान्यात लिहिलेलं होतं: 'पलंगाच्या उजव्या कडेला, जमिनीवर, तळहाताएवढी झीज. भाडेकरू बाई रोज सकाळी जमिनीवर पाय ठेवण्याआधी हात लावून तिची माफी मागतात, त्यामुळे झालेली. मी स्वतः पाहिली. हात जुळवून खात्री केली. दुरुस्त करू नये.' शेजारच्या 'नुकसान' या रकान्यात अकराही पानांवर काही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. मग ताईंना म्हणाल्या, "हात बघू."

ताईंनी हात पुढे केला. साबणानं आणि औषधांनी भेगाळलेला, नखं पांढरी पडलेली. बाईंनी त्याकडे नीट पाहिलं, आणि चावी टेबलावर न ठेवता त्या हातात दिली.

अर्ज वेळेत पडला. लेक आली ती चार महिन्यांनी, आईपेक्षा डोकंभर उंच होऊन, आजीनं दिलेली तेलाची मोठी बाटली कपड्यांत गुंडाळून. विमानतळावर दोघींना एकमेकींशी काय बोलावं कळेना, म्हणून ताई बाटलीवरूनच रागावल्या. फुटली असती म्हणजे?

लेक धाकट्या खोलीत राहू लागली. ती राहत होती म्हणजे अगदी राहत होती. बूट एक इकडे एक तिकडे. आरशावर टिकल्या. टेबलावर कपाचं गोल. ताईंचे हात शिवशिवायचे, पण त्या स्वतःला आवरायच्या. आठव्या दिवशी मात्र लेक अंघोळीला गेली असताना त्या खोलीत केर काढायला शिरल्या आणि जागच्या जागी थांबल्या. पलंगाच्या उशाशी, नव्या पांढऱ्या भिंतीवर, बसून डोकं टेकलं की येईल एवढ्या उंचीवर एक गोल तेलकट डाग पडला होता.

अकरा वर्षांची सवय. ताई ओलं फडकं, पावडरचा डबा, टीपकागद आणि इस्त्री घेऊन परत आल्या. पलंगावर गुडघे टेकले. फडकं भिंतीपाशी नेलं. आणि तिथेच थांबल्या. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि तो भिंतीला आडवा धरून, मान वाकडी करून, त्या डागाकडे भिंगवाल्यांसारखं बघत राहिल्या. मध्यभागी गडद, कडेला पुसट. एका बाजूला केसांच्या दोन बारीक रेघा. वेणी उजव्या खांद्यावरून पुढे घेत असणार.

ओले केस टॉवेलात गुंडाळून लेक दारात येऊन उभी राहिली. "आई, काय बघतेयस?"

"काही नाही गं," ताई म्हणाल्या. "इथे कोणीतरी राहतं."

लेकीनं भिंतीकडे पाहिलं, इस्त्रीकडे पाहिलं, आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. "आई, मीच राहते."

"हो," ताई म्हणाल्या. त्यांनी इस्त्रीची वायर गुंडाळली आणि फडकं घेऊन स्वयंपाकघरातला ओटा पुसायला गेल्या.